पायवाट मुक्कामाला आली

गेल्या पौषात खारवडीची समुद्राकाठची पायवाट माझ्या गाडीत मुक्कामाला आली.

गाडी म्हणजे जुना टेम्पो. आत दोन बिछाने, एक स्टोव्ह, पाण्याचं पिंप. सुरूच्या बनात उभी असते. पायवाटेवर चालायला येणारे पाहुणे तिच्यात राहतात. त्या सकाळी पायवाट स्वतःच आली, सतरंजीसारखी गुंडाळून. दारात तिने वाळू झटकली.

मी पाहुण्यांची वही काढली.

"नाव?"

"शाळेची वाट."

"कुठून आलात?"

"अहोजाहो कसलं करतोस, नरू? चड्डी सावरत धावायचास माझ्यावरून."

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. "किती दिवस?"

"ते नको लिहू. शाळेला कुलूप लागलं. आता जाऊन जाऊन मी जाते कुठे?"

मी चहा ठेवला. तिला बिनसाखरेचा लागतो.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेविका शेट्येमॅडम फाईल घेऊन आल्या. पायवाट थोडी सरकली, मॅडम बिछान्याच्या कडेला बसल्या.

"तीन दिवस जागेवर नसाल तर नोंदीतून नाव जाईल," त्या म्हणाल्या. "मग तिथे डांबरी रस्ता होईल. माझाही नाइलाज आहे."

"होऊ दे," पायवाट म्हणाली.

मॅडम गेल्यावर मी बराच वेळ भांडी घासत बसलो. मग विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

"आठवीत होतास. कातळापर्यंत आलास आणि बाबांनी हाक मारली. त्यानंतर शाळेत आलाच नाहीस."

"होडीवर माणूस कमी होता."

"माहितीये रे. पण तुझी पुढची पावलं मी ठेवून दिलीत. तिथे कुणाला पाय टेकू दिला नाही."

तिने शेवटचा पदर उलगडून दाखवला. कातळापलीकडे लहान पावलांएवढ्या कोऱ्या जागा होत्या, थेट शाळेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला खांद्यावर घेतलं. वाडीपासून अंथरत निघालो. कातळाशी चपला काढून हातात घेतल्या. माझा पाय आता मोठा झाला आहे, तरी प्रत्येक जागेत नीट बसला.

शाळेच्या पायरीपाशी शेट्येमॅडम टेप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मोजलं आणि लिहिलं: जागेवर आहे. मग घड्याळ बघून मला म्हणाल्या, "वीस मिनिटं उशीर."

"उद्या वेळेवर येईल," पायवाट म्हणाली.

तेव्हापासून गाडीतल्या पाहुण्यांना नाश्ता आठलाच मिळतो. कुलूप असलं तरी दहाला मला शाळेच्या पायरीशी पोचायचं असतं.