काचेवरचा शिक्का

जावयाचा फोन आला तेव्हा फ्रेमवाले दुकानात एका तसबिरीची काच पुसत बसले होते. गिऱ्हाईक दारात ताटकळलं होतं. पण काचेवर तोंडानं हाः करून, बाहीनं कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून घेतल्याशिवाय फ्रेम त्यांच्या हातून कधी सुटायची नाही. (कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी भिंतीवरच्या काचा पुसायचे, मग पाणी प्यायचे.)

"बाबा, इकडे यायचं परवानगीपत्र पाठवलंय," जावई म्हणाला. "तुम्हा दोघांचं मिळून एकच आहे. बंदरावर मोबाईलमध्ये दाखवलेलं चालत नाही हं, कागदावर छापलेलंच लागतं. घडी नको, डाग नको. माझ्या काकांना नुसत्या एका घडीपायी परत धाडलं होतं."

जहाज आठवड्यातून एकदाच सुटायचं. लेकीचे दिवस भरत आले होते. हे जहाज चुकलं असतं तर पुढच्या जहाजासाठी बाळ काही थांबून राहणार नव्हतं.

"एक प्लॅस्टिकचं फोल्डर आणा," बायको म्हणाली. "कागद आत सरकवला की झालं."

"फोल्डर? माझ्या घरात?" फ्रेमवाले ताठ झाले. "शिंप्याच्या घरची माणसं काय चादर गुंडाळून फिरतात?"

"अहो, बंदरावर कोण बघणार आहे तुमची कलाकुसर!"

"कुणी बघत नाही, म्हणूनच दाखवायची."

झालं. छापून आणलेला कागद काचेखाली गेला. चहूबाजूंनी सागवानी पट्टी आली, मागे जाड पुठ्ठा आला, पुठ्ठ्याला खिळे आले. दुकानाच्या पाटीवर त्यांनी स्वतः रंगवलं होतं : 'एकदा बसवली की उघडत नाही.' आणि आजवर त्यांची एकही फ्रेम सुटून परत आलेली नव्हती. हे ते ओळखीच्याला सांगत, अनोळख्याला तर आवर्जून सांगत. बायको तेवढ्यात भाजी निवडायला घेई.

बंदरावर पहिल्याच दारात त्यांची पक्कड काढून घेतली.

"प्रवासाला पक्कड कशाला, काका?" तपासणीसानं विचारलं.

"तुम्हाला टोपी कशाला?" फ्रेमवाले म्हणाले, आणि फ्रेम छातीशी धरून रांगेत उभे राहिले. रांगेतली माणसं हसत होती. हसू देत. त्यांचे कागद त्यांच्या हातात घामेजून चुरगळत होते, फ्रेमवाल्यांचा कागद मात्र अगदी बाळासारखा शांत पडून होता.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करताच हात पुढे केला. "परवानगीपत्र." हातात लाकूड आलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"हे काय?"

"परवानगीपत्र."

"ही फ्रेम आहे, काका. भिंत पण आणलीय का बरोबर?"

"आत बघा ना. कागद आहे की नाही? घडी आहे? डाग आहे?"

"नाहीये. पण मला शिक्का मारायचाय. बाहेर काढा."

"ते जमणार नाही. माझी फ्रेम उघडत नाही."

"मग दुसरी प्रत द्या."

"पहिली इतकी चांगली असताना दुसरी कशाला?" फ्रेमवाल्यांनी खिडकीच्या काचेवर डकवलेल्या सूचनेकडे बोट दाखवलं. "वाचा तुम्हीच. कागदी प्रत हवी, आहे. घडी नको, नाही. डाग नको, नाही. काच नको असं कुठं लिहिलंय?"

बाईंनी सूचना वाचली. मग पुन्हा वाचली. मग साहेबांना बोलावलं. साहेबांनीही वाचली. मागून एकजण ओरडला, "अहो, जहाज सुटेल!" आणि खरंच, जहाजानं भोंगा दिला.

"अहो, तुटू दे ती फ्रेम," बायको हळूच म्हणाली. "पोरगी वाट बघतेय."

"नियमात नाही म्हणजे नाही," फ्रेमवाले म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. पण एकदा पाय रोवले की कपाट हलवणं त्याहून सोपं.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "मारा काचेवर," ते बाईंना म्हणाले.

आणि बाईंनी मारला! काचेवर धप्पकन जांभळा शिक्का उमटला. फ्रेमवाल्यांनी फ्रेम उचलली आणि युद्ध जिंकल्यासारखे जहाजाच्या दिशेनं निघाले. मागून दोन्ही पिशव्या सांभाळत बायको.

वाटेत मोठमोठ्या खिडक्या होत्या. ऊन तिरपं आत आलं होतं. त्या उन्हात फ्रेमवाल्यांनी आपल्या कामाकडे प्रेमानं पाहिलं, तर काचेवर काहीतरी जांभळं-जांभळं लागलेलं. हात आपोआप चालला. हाः. आणि बाही, कोपऱ्याकोपऱ्यातून.

जहाजाच्या जिन्याशी पहारेकरी उभा होता. त्यानं फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "आजोबा, शिक्का कुठाय?"

फ्रेमवाल्यांनी काचेकडे पाहिलं. काच लख्ख होती. मग त्यांनी बाहीकडे पाहिलं.

बायकोनं पिशव्या खाली ठेवल्या. "पुसलात?"

दुसऱ्या कुणी मान खाली घातली असती. फ्रेमवाल्यांनी हात वर केला. "हा बघा शिक्का. शाई तीच. फक्त जागा बदललीय."

"बरं," पहारेकरी म्हणाला, "मग बाहीला वर सोडतो. तुम्ही थांबा."

पुन्हा धावत खिडकीशी. धापा टाकत फ्रेमवाले सांगायला लागले की चूक शाईची आहे, चांगली शाई असती तर... पण साहेबांनी नुसता हात वर केला. "आता कागदावरच. उघडा."

"पक्कड तुम्ही काढून घेतलीत," फ्रेमवाले म्हणाले. "आणि पक्कड असती तरी सांगतो, अर्धा तास लागेल. ही फ्रेम..."

जहाजानं दुसरा भोंगा दिला.

बायकोनं फ्रेम त्यांच्या हातातून घेतली, पालथी केली, अंबाड्यातला आकडा काढला, पुठ्ठ्याच्या कडेखाली सरकवला आणि मनगटाला एक हिसका दिला. पुठ्ठा असा बाहेर आला की जणू काड्यापेटी उघडली. बाईंनी कागदावर शिक्का मारला. बायकोनं कागद पदराखाली धरला, नवऱ्याला दंडाला धरलं, आणि जिना काढायच्या आत दोघं जहाजावर पोचली.

बंदर मागे पडलं. फ्रेमवाल्यांच्या मांडीवर रिकामी फ्रेम होती.

"इथली हवा दमट," ते म्हणाले. "लाकूड फुगतं. नाहीतर माझी फ्रेम उघडत नाही. आजवर एक तरी परत आलीय?"

बायको आकडा पुन्हा अंबाड्यात खोवत होती. "तुम्ही दुकानात असताना नाही आली."

"म्हणजे?"

"तुम्ही दुपारी जेवून लवंडता ना वर. दुकानात कोण बसतं?" ती समुद्राकडे बघत म्हणाली. "लोक येतात हातात पट्ट्या, काचा आणि पुठ्ठा वेगवेगळा घेऊन. मी बसवून देते. या आकड्यानंच तर आधी खिळे काढते. तुमचे खिळे फार आखूड, अहो."

फ्रेमवाल्यांनी फ्रेम उचलली. "बाळाचा फोटो लावू यात," ते म्हणाले. "मजबूत आहे." मग काचेवर तोंडानं हाः केलं, आणि बाहीनं कोपऱ्याकोपऱ्यातून नीट पुसून घेतली.

सगळी काच जांभळी झाली.