अंबादास गड्डमचा जपान

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. त्यावर तीन प्रकारचा मजकूर असतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, आणि गेल्या आठवड्यात जपानमध्ये व्हिडिओ गेमचं कोणतं मशीन जास्त खपलं. पहिला आणि दुसरा मजकूर ज्याच्या हाती खडू लागेल तो लिहितो. तिसरा अंबादास गड्डम लिहितो. दर गुरुवारी संध्याकाळी, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आमच्या गल्लीतली माणसं गुरुवारी अक्कलकोटला जातात, हा जपानला जातो.

जातो म्हणजे मोबाइलवरून. प्रत्यक्षात त्या दिशेला अंबादास अक्कलकोटच्या पुढच्या दुधनीपर्यंतच गेलेला आहे, तेही एका लग्नाला. वय पंचावन्न. स्वतः लग्न केलं नाही. टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढतो. आलेखाच्या कागदावर एकेक चौकट रंगवत मोर, बदक, गुलाब काढायचे आणि मग मागावर ते टॉवेलात उतरवायचे, हे त्याचं तीस वर्षांचं काम. जुन्या व्हिडिओ गेममधली चित्रंही अशीच चौकटीचौकटींची असायची म्हणे. त्यामुळे जपानी माणूस आणि त्याच्यासारखा तेलुगू पद्मशाली विणकर एकाच कामातले, असं त्याचं ठाम मत आहे.

"ह्ये बी आपलंच काम की, मास्तर," तो मला म्हणाला होता. "चौकटी भरायच्या. लांबनं बघितलं की माणूस दिसतो."

मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. व्हिडिओ गेम या विषयात मला गती नव्हती आणि इच्छा तर मुळीच नव्हती. पण अंबादासच्या समोरच्या घरात राहून या विषयात अडाणी राहता येत नाही. दूध आणायला निघालो की तो ओट्यावरून हाक मारणार आणि मी हातात पिशवी धरून जपानची बाजारपेठ समजावून घेणार. तेव्हा त्यानं मला जे ज्ञान पाजलं, ते थोडक्यात सांगतो.

गेमची मशिनं मुख्यतः दोन जातींची. एक टीव्हीला जोडायचं. ते मोठं, ताकदवान, आणि त्याचा रिमोट दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा. दुसरं हातात मावणारं. त्याला स्वतःचाच पडदा असतो, आणि दोन बाजूंचे दोन तुकडे सुटे निघतात. प्रत्येक तुकडा हा आपापला वेगळा रिमोट. अंबादासच्या भाषेत पहिलं 'टीव्हीवालं' आणि दुसरं 'हातवालं'. गेम तयार करणाऱ्या कंपनीला ठरवावं लागतं की आपला गेम कोणत्या मशीनसाठी काढायचा. मोठ्या कंपन्या दोन्हींसाठी काढतात. बारक्या कंपनीला ते झेपत नाही, ती एक निवडते आणि अर्थातच जे जास्त खपतं ते निवडते. "माल खपला तर माग चालतो," हे अंबादासचं पालुपद. साखर महागली तरी तो हेच म्हणतो, पाहुण्यांच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हाही त्यानं हेच म्हटलं होतं. तिथून त्याला हाताला धरून बाहेर काढावं लागलं.

जपानमध्ये हातवालं का खपतं, याची त्यानं मांडलेली उपपत्ती तर ऐकण्यासारखी आहे. तिकडं घरं लहान. घरात टीव्ही एक. बाप उशिरा येतो आणि टीव्हीवर आईची मालिका चालू असते. मग पोरानं काय करायचं? "टीव्ही आईचाच असतोय मास्तर, जगात कुटंबी जावा." हे वाक्य तो इतक्या अधिकारानं म्हणायचा की जपानमधल्या दहापाच घरांत तो जेवून आला असावा, असं मला वाटायचं.

सुरुवातीला तो फळ्यावर नुसता पहिला-दुसरा नंबर लिहीत नसे. खपाचे पूर्ण आकडे लिहायचा. आता गुरुवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडावर एक गंभीर माणूस येतो, कुणाशी न बोलता मोठाले आकडे लिहितो आणि निघून जातो. आमच्या भागातल्या लोकांनी याचा जो अर्थ लावायचा तोच लावला. आकड्यांतले शेवटचे दोन अंक उचलून लोक मटका खेळायला लागले. त्यातल्या एकाला लागलाही. पुढच्या गुरुवारी फळ्यासमोर इतकी गर्दी जमली की अंबादासला वाटलं, अखेर सोलापूरला जपानचं महत्त्व पटलं. तो भारावून गेला आणि त्यानं जमलेल्या लोकांना अर्धा तास भाषण दिलं. लोकांनी तेही शांतपणे ऐकलं, कारण भाषणातही काही इशारा असेल अशी त्यांना आशा होती.

तिसऱ्या गुरुवारी हवालदार आला. अंबादासनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि जपान अगदी पहिल्यापासून सांगायला घेतला. हवालदार पाऊण तासानं उठला तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, गुन्हा काय दिसत न्हाय. पण ह्यांना सांगा, आकडे लिहू नका. नुसतं नाव लिहा." तेव्हापासून फळ्यावर फक्त येतं: 'जपान. हातवालं पहिलं. टीव्हीवालं दुसरं.' मटकेवाले पांगले आणि अंबादासचा श्रोतृवर्ग पुन्हा माझ्यावर आला.

त्याला खरा विरोध एकच, सादिकभाईंचा. सादिकभाई कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान चालवतात आणि नवी-जुनी गेमची मशिनंही विकतात. ते टीव्हीवाल्याचे कट्टर. त्यांच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक टीव्हीवालं घ्यायला उभं दिसलं की अंबादास रस्ता ओलांडून आत शिरणार आणि हातवाल्याचे गुण सांगणार. सादिकभाई कपाळाला हात लावायचे. "अरे अंबादास, दुकान सोलापूर में है, गिराक सोलापूर का है. जपान कू क्या पूछनेका?" पण अंबादास हटायचा नाही. अशानं त्यानं गल्लीत आणि कारखान्यात मिळून सात-आठ जणांच्या गळ्यात हातवालं मारलं. एकदा तर मलाही घ्यायला लावत होता. मी विचारलं, बाबा रे, सोलापुरात एक मशीन खपल्यानं जपानला काय फरक पडणार? तर म्हणाला, "दिसतंय की त्यांना. एक तर एक. वाढलं की न्हाय?"

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगतो, कारण पुढे तो येणार आहे. मला माणसं सुधारायची खोड आहे. शाळा सुटली तरी ती सुटली नाही. अंबादासच्या घरात वरच्या खोलीत त्याची थोरली बहीण, अक्का, दोन वर्षं अंथरुणाला होती. अर्धांगानं उजवी बाजू गेली होती. आईबाप लवकर गेल्यावर या अक्कानंच विड्या वळून अंबादासला वाढवलं आणि चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं. दिवसाला हजार विड्या वळायची आणि वर शेजारणीची राहिलेली जुडीही पुरी करून द्यायची. आजारपणानंतर मात्र ती कुणाला वर येऊ देत नव्हती. "माजा हात बघाया येत्यात," म्हणायची. आम्हीही जाणं सोडलं. आणि हा भाऊ बाहेर फळ्यावर जपान लिहीत होता. एकदा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "अंबादास, बहीण घरात पडलीय आणि तुझं चित्त परदेशात. वयाला शोभेल असं काही कर." तो खडू खिशात टाकून घरी गेला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचं वेड वाढलं. जपानमधली एक बारकी कंपनी शेतीचा गेम काढते. त्यात गेम खेळणाऱ्याला एक लहानसं गाव मिळतं. तिथं रान नांगरायचं, कोबी लावायचा, पाणी घालायचं, गळ टाकून मासे धरायचे. मारामारी नाही, घाई नाही. त्याचे दोन भाग हातवाल्यावर आले होते. तिसरा येणार हे जाहीर झालं होतं, पण कोणत्या मशीनवर ते कंपनी सांगत नव्हती. अंबादासला दुसरं काही सुचेना. एका गुरुवारी हातवाल्याचा खप घसरला तर तो जेवला नाही, असं त्यानंच मला सांगितलं. जपानी मजकूर मोबाइलवर मराठी करून वाचायचा आणि त्या मराठीचा अर्थ विचारायला माझ्याकडे यायचा. "कोबी मित्रांनो, कृपया उष्णतेने थांबा," याचा अर्थ मी काय कपाळ सांगणार? मी म्हणायचो, थांब म्हणतायत. तो म्हणायचा, थांबतो की, पण किती.

मग एका मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं. चार दिवसांआड येणारं पाणी, सगळी गल्ली हंडे-पाइप घेऊन धावते. अंबादासच्या घरची टाकी मात्र भरून वाहायला लागली तरी नळ कुणी बंद करेना. हाका मारल्या. उत्तर नाही. दार उघडं होतं. मी आत जाऊन नळ बंद केला आणि काळजी वाटली म्हणून जिना चढलो.

वर अक्का कॉटवर उशांना टेकून बसली होती. समोर स्टुलावर, स्टीलच्या डब्याला टेकवून, ते हातवालं मशीन उभं केलेलं. त्याचा एक सुटा तुकडा अक्काच्या डाव्या हातात. तिचा अंगठा त्यावर असा फिरत होता की मला तिचे विड्या वळणारे हात आठवले. पडद्यावर कोबीचं रान होतं, मैलभर तरी असेल, आणि एकही वाफा रिकामा नव्हता. अंबादास खाली फरशीवर मान घालून बसला होता.

मला पाहून अक्का चमकली. उजव्या हातावर पदर ओढला. पण हाकललं नाही.

अंबादासनं हळूहळू सांगितलं. हात गेल्यावर ती दिवसभर त्या हाताकडे बघत बसायची. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला काम द्या. त्यानं रबरी चेंडू दिला, तिनं खिडकीतून टाकला. मळायला माती दिली, तीही गेली. मग सादिकभाईंकडून हे जुनं मशीन आणलं, स्वतःसाठी म्हणून. एका हातात मावणारा आणि एका अंगठ्यानं चालणारा रिमोट दुसऱ्या कशालाच नव्हता. तिनं दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, कोबी असा लावत्यात व्हय रे, आन हिकडं. तेव्हापासून ती सकाळी उठते, वेणी घालून घेते आणि रानात जाते. बाहेर कुणाला सांगायचं नाही, म्हातारी खेळते म्हणून लोक हसतील, अशी तिनं शपथ घातली होती.

दोन्ही भाग तिचे पुरे होत आले होते. हातवालं जपानमध्ये खपत राहिलं तरच तिच्यासाठी पुढचं रान तयार होणार होतं. दर गुरुवारी तो एवढंच बघत होता. मी त्याला वयाला शोभेल असं काही करायला सांगितलं होतं, ते आठवून मला माझीच लाज वाटली.

"आणि आज सांगितलं कंपनीनं," अंबादास म्हणाला. "टीव्हीवाल्यावर काढणार. नुसतं टीव्हीवाल्यावर. दोन हात लागत्यात त्याला, मास्तर."

तो रडत होता. पंचावन्न वर्षांचा माणूस, फरशीवर बसून. मी म्हणालो, येईल दुसरा एखादा गेम. ते मलाही खरं वाटलं नाही.

अक्का मात्र कोबीला पाणी घालतच होती. तेवढा वाफा पुरा करून तिनं रिमोट मांडीवर ठेवला.

"ओरेय," ती भावाला म्हणाली, "दोनच लागत्यात न्हवं? एक माजा हाय. दुसरा तू दे की."

पुढे गेम आल्याच्या दिवशी अंबादास सादिकभाईंच्या दुकानात गेला आणि टीव्हीवालं मागितलं. सादिकभाईंना सगळं ठाऊक झालं होतं. इतक्या दिवसांचा वाद जिंकूनही त्यांनी टोमणा मारला नाही, स्वतः येऊन तारा जोडून गेले.

परवा मी वर गेलो होतो. आता मला मुभा आहे. दोघं कॉटवर खांद्याला खांदा लावून बसले होते. मधे एकच रिमोट. त्याची डावी बाजू अक्काच्या डाव्या हातात, उजवी अंबादासच्या उजव्या हातात. चालायचं तिनं, नांगर-पाणी त्यानं. ती रानात पुढे निघून जायची आणि याचा अंगठा मागे राहायचा. दाब म्हटल्यावर दाबायचं, असं ती तेलुगूत आणि मराठीत, दोन्ही भाषांत सुनावत होती. अंबादासनं कोबीऐवजी शेजाऱ्याच्या कुंपणावर पाणी ओतलं तेव्हा ती इतकी हसली की रिमोट हातातून सुटायला लागला, आणि तिचा तो उजवा हात, पदराखालचा, भावाच्या गुडघ्यावर जाऊन पडला. तिनं तो झाकला नाही. अंबादासनंही उचलला नाही. दोघांनी तो तसाच राहू दिला आणि पुढचा वाफा नांगरायला घेतला.