बाहेर न सोडणारी लिंक

ॲपवाले साहेब, माझ्या भाचीची वसतिगृहातली जागा तुम्ही खाल्ली. नाव घेत नाही. तुमचं तुम्हाला कळतं.

चिखलीच्या मुलींच्या वसतिगृहानं तुमच्या ॲपवर अर्जाची लिंक टाकली. आधी भरेल त्याला जागा. भाची धम्मशीला बीबी गावाहून पहिल्या एसटीनं माझ्याकडे आली.

"मामा, अकीलभाईच्या नेटकॅफेत जाऊ ना."

"काऊन? तुह्या मामाले मोबाईल येत नाही काय? चहा निवायच्या आत भरतो."

दोन पानं भरली, दाखले चढवले, फोटो चढवला. ओटीपी मात्र गेला बीबीला, माझ्या बहिणीच्या मोबाईलवर. त्यांच्या घरात मोबाईल तेवढा एकच, अर्जातही तोच नंबर. फोन लावला.

"सिंधूताई, सहा आकडे आले असतीन. सांग."

"नाही सांगत."

"काऊन?"

"बँकेतल्या मॅडमनं बजावलं हाय, सख्ख्या भावालेही सांगू नको."

"अवं, मीच तो सख्खा भाऊ."

"मंग तर नाहीच."

शेवटी धम्मशीलानं आईला पटवलं. आकडे घेऊन मी परत ॲपवर आलो, तर अर्ज गायब. त्या जागी तुमच्या ॲपवरच्या व्हिडिओत एक बाई म्हशीला शॅम्पू लावून राह्यली होती.

पुन्हा सगळं भरलं. या खेपेला ताईनं 'हॅलो'च्या आधीच आकडे म्हटले. परत येतो तर अर्ज नाही, म्हैस मात्र धुऊन झालेली. तिसऱ्यांदाही तेच. मी ताईवर खेकसलो, रेंजवर खेकसलो, धम्मशीलाच्या फोटोवरही खेकसलो.

मग गेलो अकीलकडे. त्यानं मोबाईल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, हे पान ॲपच्या पोटातच उघडलं होतं. तुम्ही फोन लावायले बाहेर निघाले, का त्यानं गिळलं. वर कोपऱ्यात तीन ठिपके हायेत न, तिथून ब्राउझरमध्ये उघडायचं होतं."

त्यानं उघडून दाखवलं. पान झटक्यात आलं. 'सर्व जागा भरल्या आहेत.'

धम्मशीलानं पिशवी उचलली. म्हणाली, "मामा, दुपारची बस सापडंन." आता कॉलेजसाठी रोज बीबी ते चिखली, चिखली ते बीबी. पोरगी अभ्यास करील तो खिडकीच्या दांडीला धरून.

सकाळीच तिचं ऐकून अकीलकडे का गेलो नाही, याचं उत्तर मी तिला देणार आहे. मान खाली घालून देणार आहे. पण लोकांनी दुसऱ्याच्या दारी जायला दाबलेली लिंक तुम्ही स्वतःच्या घरात का उघडता, आणि बाहेरचा रस्ता तीन ठिपक्यांमागे का लपवता? हे मी तिला काय म्हणून सांगू? ते तुम्ही सांगा. आणि मला नको, तिला सांगा.