तालुआचा पहिला गोल

शुक्रवारच्या ऑनलाइन ‘मॉर्निंग टी’ला नव्या मॅनेजरनं, लोसानं, सगळ्यांना एकच प्रश्न टाकला, “लॉकडाउनमध्ये नवीन काय शिकलात?”

श्रीनिवास गोडबोले काहीच शिकला नव्हता. मेलबर्नचा दुसरा लॉकडाउन चालू होता. सांडपाण्याच्या पाइपलाइन डिझाइन करणाऱ्या त्याच्या कंपनीत महिनाअखेर तीन जणांना नारळ मिळणार अशी कुजबुज होती, आणि त्या काळजीत शिकायचं काय! सहकाऱ्यांपैकी एकानं घरी भाजलेला ब्रेड दाखवला, दुसऱ्यानं युकुलेले वाजवलं. मग लोसा म्हणाली, “श्री, युअर टर्न!”

ग्लेन वेव्हर्लीतल्या त्या घरात डायनिंग टेबल एकच. समोर आठवीतली मुलगी तनया शाळेच्या प्रोजेक्टचा तक्ता रंगवत होती. श्रीनिवासनं त्यावरचं शीर्षक उलट्या बाजूनं वाचलं आणि ठोकून दिलं, “मी तालुआच्या राष्ट्रीय फुटबॉल टीमचा इतिहास अभ्यासतोय.”

तनयाचा ब्रश हवेतच थांबला. पॅसिफिक महासागरातल्या नऊ हजार वस्तीच्या त्या देशाचं नाव त्यानं स्वतःही आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं. तिकडे लोसा कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली, की स्क्रीनवर नुसतं कपाळ दिसायला लागलं.

“श्री, मी तालुआची आहे! माझे बाबा त्या टीममधून खेळलेत. तुला ठाऊक असेलच म्हणा.”

“ऑफ कोर्स,” श्रीनिवास म्हणाला. बाबांचं नाव विचारायची सोय त्यानं स्वतःच बंद केली.

“पुढच्या शुक्रवारी वीस मिनिटं बोल. मी आईबाबांनाही जोडून देते. नो वरीज?”

कॉल संपल्यावर बायको, सुनीती, आतून म्हणाली, “अरे, खरं सांगून मोकळा हो ना.”

“होतो. महिनाअखेर जाऊ दे.”

“बाबा, यू स्टोल माय प्रोजेक्ट,” तनया म्हणाली. आठवडाभर तिच्या वाटची भांडी घासायच्या बोलीवर ती शिकवायला तयार झाली. रोज जेवणानंतर ती परीक्षा घ्यायची आणि चुकला की “बाबा, फोकस!” म्हणून ओरडायची.

दोन दिवस श्रीनिवासनं निमूटपणे पाठांतर केलं. तिसऱ्या दिवशी त्याला चक्क गोडी लागली. तालुआत सपाट जागा एकच, विमानतळाची धावपट्टी. विमान आलं की मॅच थांबायची, आणि प्रवासी उतरताना स्कोअर विचारायचे. टीम पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा एकोणीस-शून्यनं हरली. पुढल्या वर्षी बारा-शून्यनं हरली, तर बंदरावर बँड आला होता. आणि मग १९८३ साली शेजारच्या बेटाच्या टीमशी चौदा-एक! त्या एका गोलचं देशानं पोस्टाचं तिकीट काढलं. गोल करणारा टी. तेवा.

त्या गोलचा एकच फोटो इंटरनेटवर होता. श्रीनिवासनं तो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्याच्यातला ड्रेनेज इंजिनिअर जागा झाला. सांडपाणी कुठून कुठे जातं हे काढण्यात वीस वर्षं गेलेली. त्यानं फोटोवर लाल रेघा मारल्या, कोन मोजले.

“तनया, बघ. तेवाचे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. तोंडही भलतीकडेच. बॉल आलाय तो समोरच्या टीमच्याच पाच नंबरच्या बॅकच्या पायावरून. हा ओन गोल आहे!”

“बाबा, डोन्ट,” तनया म्हणाली. पण संशोधकाला कोण अडवणार?

शुक्रवारी कॉलवर ऑफिसचे दहा जण होते. शिवाय ‘लोसाज् आयपॅड’ नावाच्या चौकोनात फुलाफुलांचा शर्ट घातलेले एक आजोबा आणि शेजारी धिप्पाड आजीबाई. धावपट्टीच्या गोष्टीवर सगळे हसले, बारा-शून्यच्या बँडवर आजोबांनी टाळ्या वाजवल्या. श्रीनिवासला चेव आला. त्यानं फोटो लावला, लाल रेघा दाखवल्या आणि समारोप केला, “सारांश, तेवानं बॉलला स्पर्शही केलेला नाही.”

लोसानं डोळे मिटून घेतले होते.

“श्री,” ती हळूच म्हणाली, “तेवा माझं माहेरचं आडनाव आहे.”

आजोबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि फोटो नीट पाहिला.

“बरोबर आहे याचं,” ते म्हणाले. “मी बुटाची नाडी बांधून नुकताच उठलो होतो. मागे गलका झाला आणि पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सांगायला संधीच मिळाली नाही. मग तिकीट निघालं. सदतीस वर्षं चर्चमध्ये लोक माझा हात हातात घेतात, आणि मला रात्री झोप लागत नाही. थँक यू, मेट.”

त्यांचा चेहरा खरोखरच हलका झाला होता. शेजारच्या आजीबाईंचा मात्र नव्हता.

“तेवा,” त्या म्हणाल्या, “त्या गोलसाठी मी तुझ्याशी लग्न केलं.”

युकुलेलेवाल्यानं कॅमेरा बंद केला.

आजीबाई पुढे झुकल्या. “मिस्टर श्री, तुमचा अभ्यास छान आहे. तो पाच नंबरचा कोण होता?”

सोमवारी लोसाचा फोन आला. श्रीनिवासनं बसूनच घेतला.

“कमी करायच्या लोकांत तुझं नाव कधीच नव्हतं,” ती म्हणाली. “पण आईनं तुझा नंबर घेतलाय. ती ऐकत नाही रे.”

आजीबाईंचा फोन त्याच दुपारी आला. पाच नंबरचं नाव मिळालं का? हयात आहे का? आहे, तर कुठे असतो? श्रीनिवासनं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शोधतो म्हणाला. तेवढ्यात पलीकडे काहीतरी खुडबुड झाली आणि फोनवर आजोबांचा दबका आवाज आला.

“मेट, जरा सावकाश शोध हं.”