पार्टीच्या आधीचा शब्द

ग्लेनिस प्राउजनं एकोणतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर टास्मानियातल्या आपल्या छोट्या गावी, नव्यानं राहायला आलेल्या परदेशी लोकांना ती दर मंगळवारी वाचनालयात फुकट शिकवायची. तिची स्वतःची पद्धत होती आणि तिचा तिला भलताच अभिमान होता. शब्द एकटा शिकायचा नाही, त्याच्या सोबत्यांसकट शिकायचा.

त्या मंगळवारी 'पार्टी' हा शब्द होता.

"इंग्रजीत पार्टी देत नाहीत," ग्लेनिस म्हणाली, "थ्रो करतात."

"म्हणजे फेकतात?" अफगाणिस्तानातून आलेल्या गुलसुमनं वहीतून डोकं वर काढलं.

"हो, फेकतातच."

"कुणाच्या अंगावर?" इरिट्रियाच्या टेकलेनं विचारलं. तो दुधाचा टँकर चालवायचा, आणि फेकाफेकीच्या बाबतीत सावध असायचा.

"ते सोडा. मुख्य नियम लिहून घ्या. पार्टीच्या आधी जो शब्द येईल, ते पार्टीचं कारण. बर्थडे पार्टी, ख्रिसमस पार्टी, फेअरवेल पार्टी."

"आणि अपवाद?" गुलसुमनं विचारलं. 'नाईफ'मधला मुका के भेटल्या दिवसापासून तिचा या भाषेवर विश्वास उरला नव्हता.

"एकही नाही," ग्लेनिस छाती पुढे काढून म्हणाली.

गुलसुमनं नियम लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शनिवारी सकाळी सहाला ग्लेनिसचा नवरा मर्व्ह पाइनच्या लागवडीत अळंबी गोळा करायला गेला. गेली चाळीस वर्षं तो नऊच्या ठोक्याला परत येऊन अंडी मागायचा. त्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले. अंडी थंड झाली. फोन करावा तर तो फ्रिजवरच वाजू लागला. अकराला ग्लेनिस गाडी काढून पाइनच्या फाटकापाशी गेली. मर्व्हची गाडी तिथं उभी होती, मर्व्ह नव्हता. धुकं इतकं दाट, की तिसऱ्या झाडापुढे काही दिसेना. आणि हा एकाहत्तर वर्षांचा, गुडघा बदललेला माणूस. हाका मारून तिचा घसा बसला.

तिनं पोलिसांना कळवताच गावचा सार्जंट हॅरिगन लगेच कामाला लागला. "एक वाजता फाटकापाशी शोधपथकासाठी माणसं जमवतो. तुम्ही तुमच्या ओळखीच्यांना कळवा."

ग्लेनिसनं वर्गाला निरोप पाठवला: 'आज एक वाजता, पाइनचं फाटक. मर्व्हसाठी सर्च पार्टी. जमेल त्यांनी या.'

गुलसुमनं निरोप वाचला, मग वही उघडली. सर्च म्हणजे शोध. तिनं टेकलेला फोन लावला.

"टीचरच्या नवऱ्यानं शोध लावलाय कसला तरी."

"पणजोबाचा असणार," टेकले म्हणाला. "इथले म्हातारे दुसरं काय शोधतात? आमच्या डेअरीच्या मॅनेजरला त्याचा खापरपणजोबा इंग्लंडहून शिक्षा म्हणून इथं पाठवलेला कैदी होता असं सापडलं, तर त्यानं अख्ख्या डेअरीला चहा पाजला."

"कैदी होता म्हणून?"

"दोन मेंढ्या चोरल्या होत्या. फार मानाची गोष्ट आहे इथं."

मग सगळ्या वर्गाची धावपळ उडाली. गुलसुमच्या नवऱ्यानं कबाबांचं मटण चिरलं, तिनं स्वतः वीस नान भाजले, टेकलेनं ढोल काढला, आणि कुणीतरी बेकरीतून केक आणला. त्यावर 'हॅपी सर्च, मर्व्ह' असं लिहून घेतलं. बेकरीवालीनं दोनदा विचारलं, नक्की असंच लिहायचं ना?

या सगळ्यात निघायला उशीर झाला. ते दीडला पोचले तेव्हा फाटकापाशी गाड्याच गाड्या होत्या आणि माणूस एकही नव्हतं. ग्लेनिस, सार्जंट आणि तीस गावकरी केव्हाच आत शिरून पार पलीकडच्या ओढ्याकडे गेले होते.

"आपल्याला तयारीला वेळ मिळावा म्हणून बाजूला गेले असतील," गुलसुम म्हणाली. फुगे बांधले गेले. शेगडी पेटली. टेकलेनं ढोलावर थाप मारली.

तिकडे मर्व्ह सात तास एकसारख्या दिसणाऱ्या रांगांमधून फिरत होता. एकाच वाकड्या झाडाला तो पाच वेळा भेटला होता. आता तो ओंडक्यावर बसून कच्ची अळंबी चघळावीत का, असा विचार करत होता, तेवढ्यात ढोल ऐकू आला. मागोमाग मटणाचा वास आला. तो उठून लंगडत निघाला आणि वीस मिनिटांत फाटकापाशी हजर झाला.

वर्गातल्या कुणीही त्याला आधी पाहिलं नव्हतं. चिखलानं माखलेला हा म्हातारा बघून गुलसुमनं त्याला खुर्ची दिली आणि हातात कबाब ठेवला.

"कशाची पार्टी आहे?" मर्व्हनं तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"ग्लेनिसबाईंनी फेकलीय," टेकले म्हणाला. "नवऱ्यासाठी. त्याचा कैदी पणजोबा सापडला ना."

मर्व्हनं केकवरचं आपलं नाव वाचलं. चाळीस वर्षांत बायकोनं त्याला न सांगता काहीही केलं नव्हतं. आणि आज हे! त्याचे डोळे भरून आले. गंमत मोडायला नको म्हणून त्यानं आपण कोण ते सांगितलं नाही. फक्त हळूच विचारलं, "काय चोरलं होतं हो त्यानं?"

"दोन मेंढ्या," टेकले मॅनेजरच्या खापरपणजोबाला स्मरून म्हणाला.

"शाबास," मर्व्ह म्हणाला, आणि त्यानं दुसरा कबाब घेतला.

साडेतीनला शोधपथक रिकाम्या हातांनी परतलं. सगळ्यांत पुढे ग्लेनिस, रडून डोळे सुजलेले. समोर फुगे, आणि फुग्यांखाली कागदाची टोपी घालून टाळ्या वाजवणारा तिचा नवरा.

"मर्व्ह! कुठं होतास तू?"

"इथंच की. दीड तास झाला," तो तिला मिठीत घेत म्हणाला. "ग्लेन, तू माझ्यासाठी एवढं केलंस? मेंढ्यासुद्धा शोधून काढल्यास?"

ग्लेनिसनं केक वाचला. मग गुलसुमकडे पाहिलं. गुलसुम अभिमानानं हसत होती. एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला एकही शब्द सुचेना, एकटाही नाही आणि सोबत्यांसकटही नाही. तिनं नाक पुसलं आणि चाकू मागितला.

केक कापून झाल्यावर सार्जंट हॅरिगननं बेपत्ता इसमाचा अर्ज गाडीच्या बोनेटवर पसरला. 'सापडला तेव्हा प्रकृती कशी होती?' असा रकाना होता. त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं: 'चार कबाब. पाचवा नको म्हणाला.'