अनुस्वारकाकांच्या संगणकातला चोर

"चोर पकडायला पोलीस नाही लागत, नजर लागते!" अनुस्वारकाकांनी सकाळचा चहा पिता पिता जाहीर केलं. ती नजर आपल्याकडे आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अडतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची प्रुफं तपासली होती. चुकलेली वेलांटी ते कोंबडीनं दाणा टिपावा तशी टिपायचे. त्या नादात त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले आणि 'अनुस्वारकाका' तेवढं उरलं. निवृत्तीनंतरही प्रकाशक त्यांना घरी फाइली पाठवायचे.

झालं होतं असं, की आदल्या दुपारी काकांची झोप मध्येच मोडली. पाणी प्यायला उठले, तर आतल्या खोलीत संगणकावरचा बाण आपला आपण चाललाय! खुर्ची रिकामी, माउसवर हात नाही, आणि बाण मात्र जावयासारखा ऐटीत फिरतोय. काकांनी ओरडत माउस धरला, तशी फाइल पटकन बंद झाली.

"माशी बसली असेल माउसवर," काकू म्हणाल्या.

"माशी फाइल बंद करते? नीट पुसून, दार लावून जाते?"

काकांकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. तुमच्या संगणकात बाहेरून कोणी शिरतंय का, हे कसं ओळखावं, त्याबद्दलचं. त्यातली एकेक पायरी त्यांनी बोट ठेवून वाचली. आधी कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली. मग संगणकात काय काय भरलंय त्याची यादी उघडली. त्यात निघालं 'दूरसाथी' नावाचं, लांबून संगणक चालवायचं काहीतरी, पाच महिन्यांपूर्वी बसवलेलं! मग येण्याजाण्याच्या नोंदी. रोज दुपारी दोन दहाला कोणीतरी आत, तीन वीसला बाहेर. एक दिवस खाडा नाही!

"म्हणजे माझी झोपायची वेळ ठाऊक असलेला माणूस," काका कुजबुजले. संगणक ऐकतोय अशी त्यांची खात्री होती.

भिंतीला भिंत लागून गणिताचे निवृत्त मास्तर राहायचे. काका तडक त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "मास्तर, मला सगळं कळलंय!"

मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. "काका, चुकलो. दोन वर्षं झाली. पण वहिनींनीच दिला हो पासवर्ड!"

"कसला पासवर्ड?"

"तुमच्या इंटरनेटचा. मी फक्त बुद्धिबळ खेळतो त्यावर."

चोर सापडला, पण चोरी भलतीच! काका घरी आले ते काकूंवर फणफणत. काकूंनी ऐकून घेतलं, आणि "आता दुपारी जरा पडा, डोकं शांत होईल," एवढंच म्हणाल्या. त्या इतक्या गोड बोलल्या तेव्हाच काकांनी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काका झोपले, म्हणजे झोपल्याचं सोंग केलं. घोरलेसुद्धा. दोन दहाला पायांचा आवाज न करता ते आतल्या खोलीच्या दाराशी गेले. बाण हलला. सकाळी त्यांनीच तपासून ठेवलेली फाइल उघडली. एका शब्दापाशी थांबून त्यानं एक अक्षर बदललं. मग आणखी एक.

"माझं नाव बुडवायला निघालाय मेला!" काकांनी झडप घालून माउस धरला. काका बाण उजवीकडे ओढताहेत, चोर डावीकडे. शेवटी संतापून काकांनी पानाच्या मधोमध लिहिलं, "कोण आहेस तु?"

बाण हळूच मागे सरकला, ऱ्हस्व उकार पुसला आणि दीर्घ केला. तू.

काका खुर्चीत बसले. लगेच फोन वाजला.

"बाबा, मी आहे." दुसऱ्या शहरात राहणारी लेक.

"तू? आणि माझ्या फाइलीत?"

"पाच महिन्यांपूर्वी प्रकाशकांचा फोन आला होता मला. त्याआधीच्या पुस्तकात बऱ्याच चुका राहून गेल्या होत्या."

"किती?"

"जाऊ द्या ना, बाबा."

"किती?"

"एकशे बारा. ते तुमचं काम बंद करणार होते. मी म्हटलं, मी मागून एकदा बघत जाईन, पण बाबांना पाठवत राहा."

दारात काकू उभ्या होत्या. "मीच ते 'दूरसाथी' बसवून तिला पडद्यावरचा नंबर वाचून दाखवला," त्या म्हणाल्या.

"मला झोपवून! माझ्याच घरात!" काकांनी संगणकाची वायर उपटली. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सोळा पानं तीन-तीनदा वाचून लेकीला पाठवली. "काढ चुका!" वीस मिनिटांत नऊ निघाल्या.

मग तह झाला. लेकीनं दुपारी बघायचं, पण शेवटचा हात काकांचा. आणि काय सांगू, पहिल्याच पुस्तकात काकांना तिची चूक सापडली! "परिक्षा? झोपा काढतेस का गं?" "सुटलं नजरेतून, बाबा." त्या दिवशी काकांनी स्वतः चहा केला, मास्तरांनाही पाजला. दुसऱ्या पुस्तकात एक चूक. तिसऱ्यात एक.

चौथ्या पुस्तकात मात्र काही सापडेना. चार दिवस झाले. लेक रोज विचारायची, "सापडलं का काही, बाबा?" काका म्हणायचे, "बघतोय."

पाचव्या दिवशी त्यांनी फाइलीतल्या बदलांच्या नोंदी उघडल्या. पान सत्तावीस. काकांनी जसाच्या तसा ठेवलेला 'दीर्घ' हा शब्द लेकीनं दोन चाळीसला बदलला होता. 'दिर्घ' केला होता. मागची तीन पुस्तकं उघडली, तिथंही तेच. बरोबर शब्द, लेकीच्या हातानं चुकवलेला, एका पुस्तकात एक. आणि सत्तावीस नंबरच्या पानावरून काका चार दिवसांत सहा वेळा गेले होते.

"काय सापडलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," म्हणून त्यांनी लेकीला फोन लावला.

"पान सत्तावीस! दिर्घ! शाळेत शिकवलं नाही का तुला?"

"अय्या, चुकलं बाबा!" लेकीचा आवाज इतका खुलला, की काकांना तिला आणखी दोन मिनिटं रागवावं लागलं.