लाल ठिपक्याची दुर्बीण

एकहार्टला बंदुकीवरच्या दुर्बिणींतलं सगळं कळत होतं. निदान दुकानदाराला त्याने तसं सांगितलं, आणि दुकानदाराने ते ताबडतोब मान्य केलं. खरं तर तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

त्याचं असं झालं, की सासरेबुवा कास्पर शिकारीतून निवृत्त व्हायला निघाले होते. गावामागच्या जंगलात बीचच्या झाडाला टेकलेलं त्यांचं मचाण म्हणजे रानडुकरांच्या वाटेवरचा नाकाच. पण अलीकडे दिवेलागणीला म्हाताऱ्याला दिसेनासं झालं होतं, आणि डुकरं तर नेमकी तेव्हाच निघतात. म्हणून त्यांनी जाहीर केलं, की या शरद ऋतूत सगळ्यांनी मिळून शिकारीला बसायच्या संध्याकाळी कोण कसा वागतो ते बघून मचाण एकाला देऊन टाकणार. उमेदवार दोन : जावई एकहार्ट आणि त्याची बायको हेडविग हिचा धाकटा भाऊ लोरेन्झ. एकहार्टला ते मचाण जिवापाड हवं होतं. लग्न झाल्यापासून त्याच्या वाट्याला तळ्याकाठचं मचाण यायचं, आणि तिथून आजवर त्याने घरी फक्त सर्दी आणली होती.

तेव्हा नवी दुर्बीण घ्यायचीच, आणि तीही आत लाल ठिपका पेटणारी, म्हणजे अंधारातही नेम कुठे आहे ते कळेल. दुकानात, भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने तीन दुर्बिणी डोळ्याला लावल्या आणि जिच्या ठिपक्याने डोळे दिपले ती निवडली. हेडविग शिकाऱ्याची मुलगी. ती म्हणाली, घरी नेऊन संध्याकाळी बघ, मग ठरव. दुकानदारही एका रात्रीपुरती द्यायला तयार झाला.

संध्याकाळी एकहार्ट स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसती दुर्बीण घेऊन उभा राहिला. (बंदूक कपाटात कुलपाआड होती, तेवढी अक्कल त्याला होती.) ठिपक्याचा उजेड अर्थातच शेवटच्या आकड्यावर.

"सफरचंदाखाली डुक्कर आहे," तो म्हणाला.

"ती शेजाऱ्यांची ढकलगाडी आहे."

"असेल. पण दिसली किती स्पष्ट!"

"ठिपका मंद कर, एकहार्ट. त्या झगमगाटात बाकीचं सगळं काळं होतंय."

"मंदच करायचा तर एवढा उजेड विकत कशाला घ्यायचा?"

यावर हेडविगने बटाटे सोलायला घेतले.

ठरल्या संध्याकाळी गावातले सगळे शिकारी आपापल्या मचाणावर चढले. सासरेबुवा बिनबंदुकीचे, हेडविगबरोबर खाली झोपडीत बसले. उजेड विझत आला आणि मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला एकहार्टला ते दिसलं. काळं, रुंद, मान खाली घातलेलं. लाल ठिपका खांद्यावर असा बसला, की हलायचं नाव नाही. (डुक्करही हलत नव्हतं, पण याचं श्रेय त्याने स्वतःच्या दबा धरण्याला दिलं.) त्याने गोळी झाडली. डुक्कर जागच्या जागी राहिलं. एक पाऊलसुद्धा पळालं नाही!

आता तिथली रीत अशी, की मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरव्या फांदीचा शेवटचा घास ठेवायचा. एकहार्टने स्प्रूसची फांदी मोडली, टोपी काढली, गंभीर चेहऱ्याने वाकला, आणि त्याला तोंड कुठेच सापडेना. तो ओकचा जुना खुंट होता. गोळी मात्र बरोबर मधोमध लागली होती.

रीत म्हणजे रीत. लोरेन्झने आणि इतरांनी तो कुजका खुंट उपटून आणला आणि मशालींच्या उजेडात, फांद्यांच्या अंथरुणावर, लोरेन्झने मारलेल्या डुकराशेजारी मानाने आडवा केला. शिंगं फुंकून डुकराला देतात ती सलामी त्यालाही दिली. सासरेबुवांनी सुरीच्या पात्यावर शिकाऱ्याच्या मानाची फांदी ठेवून पुढे केली आणि जराही न हसता म्हणाले, "अभिनंदन, जावईबापू." एकहार्टने ती टोपीत खोवली. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. मचाण गेलं, हे त्याला कळून चुकलं.

"जनावर ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे मी तुला कितीदा सांगितलं? आण ती बंदूक इकडे," सासरेबुवा म्हणाले. "बघू तरी, कसलं भूत बसवलंयस वर."

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी मशालींकडे पाठ केली, ठिपका पार मंद केला आणि शेतापलीकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. लोकांना वाटलं, म्हातारा उभ्याउभ्याच झोपला.

"ओढ्यापाशी कोल्हा आहे," ते हळूच म्हणाले. "त्याच्या शेपटीचं टोक पांढरं आहे."

लोरेन्झने आपली दुर्बीण लावली. कोल्हा होता. टोकही पांढरं होतं. सासरेबुवांचे डोळे भरून आले. ते बघून लोरेन्झपेक्षा आपणच म्हाताऱ्याच्या जास्त जवळ गेलो, असं एकहार्टला क्षणभर वाटलं.

"दुर्बीण निवडलीस मात्र अगदी अस्सल," सासरेबुवा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "उद्या ही माझ्या बंदुकीवर चढवून दे. मचाण मी आता कुणालाच देत नाही."

एकहार्टने हेडविगकडे पाहिलं. ती बापाकडे बघून इतकी खुलली होती, की तक्रार करायला जागाच उरली नव्हती.

"आणि जावईबापू," जाता जाता सासरेबुवा वळून म्हणाले, "दुर्बिणीतले सेल जरा जास्तच आणून ठेव. अजून बरीच वर्षं बसायचंय मला."